बेळगावचा फ्लॅट, चाकणचा हप्ता

पत्र चाकणहून आलं आहे. लिहिणारे ३९ वर्षांचे, मूळचे खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातले. शाळा आणि डिप्लोमा बेळगावात झाला, गेली १४ वर्षं चाकणच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहेत. पत्नी घरी शिवणकाम करतात, दोन मुलं शाळेत आहेत. चाकणला भाड्याच्या घरात राहतात. पै-पै करून १५ लाख साठवले आहेत. पुण्याकडचे भाव झेपत नाहीत, म्हणून बेळगावात घर घेऊन ते भाड्यानं द्यावं असं मनात आहे.

समोर दोन जागा आहेत. पहिली टिळकवाडीच्या पुढं, ९ वर्षं जुन्या इमारतीतला दोन बेडरूमचा फ्लॅट, किंमत ४६ लाख. त्यासाठी ३५ लाखांचं कर्ज काढावं लागेल. एजंट म्हणतो, १४ हजार भाडं सहज येईल आणि दोन-चार वर्षांत भाड्यातच हप्ता सुटेल. दुसरी मच्छे गावाच्या बाजूला, बाँडवर मिळणारा छोटा प्लॉट. त्यावर चार बांधलेल्या खोल्या आहेत, कामगार राहतात, महिन्याला १२ हजार येतात. किंमत १५ लाख, सगळे रोख. देखरेखीला बेळगावातले मामा आहेत. पत्नी म्हणतात, "आधी गावच्या घराचं छप्पर तरी बघा." पत्राच्या शेवटी ते लिहितात, "गावाकडं आपलं काहीतरी असावं असं फार वाटतं. कागद सगळे कन्नडमधे. अक्षरं लागतात, पण कागद कळत नाही. सीमाप्रश्नाचं पुढं काय होईल? भाडेकरू मराठीच बघावा का? पहिल्यांदाच करतोय, चुकायला नको."

नमस्कार.

तुमचं पत्र एकदा हिशेबासाठी वाचलं आणि मग पुन्हा त्या एका वाक्यासाठी वाचलं: गावाकडं आपलं काहीतरी असावं. बेळगावात एका बँकेच्या कर्ज विभागात माझी सगळी नोकरी झाली. पुण्या-मुंबईहून, गोव्याहून सुट्टी काढून आलेले आपले लोक टेबलापलीकडं बसायचे आणि कर्जाचा फॉर्म भरता भरता हेच वाक्य बोलायचे. त्यात लपवण्यासारखं किंवा लाजण्यासारखं काही नाही. माणूस पोटासाठी चाकणला जातो, पण जीव इकडंच अडकलेला असतो.

फक्त त्या ओढीचा आणि भाड्याच्या घराचा हिशेब एका वहीत मांडू नका. भाड्यानं दिलेल्या घरात तुम्ही राहणार नाही. दिवाळीला आलात तरी उतराल मामांकडंच किंवा गावी, कारण फ्लॅटची किल्ली दुसऱ्याकडं असेल. गावात पाय टेकायला जागा हवी असेल तर ती कुठली, आणि पैसा कामाला लावायचा असेल तर कुठं लावायचा, हे दोन प्रश्न वेगळे ठेवा. तुमच्या पत्नीनं छपराची गोष्ट काढली तेव्हा त्यांनी पहिल्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकलं आहे, असं मला वाटतं. त्याकडं शेवटी येते.

आता तुम्ही गृहीत धरलेलं एक. तुम्ही बेळगावला स्वतःचं गाव मानता, आणि ते आहेच. पण भाड्याच्या बाजारात तुम्ही आज बाहेरगावचे आहात. हलग्याजवळच्या सुवर्ण विधानसौधचं उद्घाटन २०१२ साली झालं, तुम्ही साधारण त्याच सुमारास गेलात. तेव्हा रेल्वे गेटवर ताटकळणारं शहर आज उड्डाणपुलांवरून जातं. कुठला भाग वर आला, कुठल्या इमारतीत निम्मे फ्लॅट रिकामे आहेत, कुठं पाणी किती दिवसांनी येतं, हे तिथं रोज वावरणाऱ्याला कळतं. सणावाराला चार दिवस येणाऱ्याला एजंट दाखवेल तेवढंच दिसतं. अगदी परक्या शहरात घर घेणारा माणूस निदान भीतीपोटी चार ठिकाणी चौकशी करतो. आपल्या गावात घेणारा ती करत नाही, आणि बहुतेकदा तिथंच फसतो.

म्हणून पहिला प्रश्न असा की त्या फ्लॅटमधे राहायला नेमकं कोण येणार? बेळगावचा भाडेकरू एकाच प्रकारचा नाही. नेहरूनगरकडं मेडिकल कॉलेज आणि मोठं हॉस्पिटल, त्यामुळं तिकडं विद्यार्थी, शिकाऊ डॉक्टर, नर्सेस. उद्यमबागेत फाउंड्र्या आणि मशीन शॉप, शेजारीच इंजिनिअरिंग कॉलेज. मच्छेला विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ. कॅम्पात लष्कर. शिवाय बदलीवर येणारे बँकवाले, विमावाले, सरकारी नोकर. टिळकवाडीच्या पुढचा, १४ हजारांचा, दोन बेडरूमचा फ्लॅट घेणार तो बहुतेक या शेवटच्या गटातला, मुलंबाळं असलेला माणूस. चांगला भाडेकरू. पण तो दोन-तीन वर्षांत बदलून जातो, आणि असे लोक घर बदलतात ते शाळा सुटल्यावर, एप्रिल-मे महिन्यांत. त्यानं ऑक्टोबरात घर सोडलं तर तुमचा फ्लॅट मार्चपर्यंत रिकामा राहू शकतो. हप्ता थांबत नाही.

१४ हजार हा आकडा एजंटच्या तोंडून आला आहे. तो तुम्ही स्वतः काढा. त्याच इमारतीत आणि आजूबाजूच्या चार इमारतींत "टू लेट"च्या पाट्या असतील, त्यावरच्या नंबरांवर भाडेकरू म्हणून फोन करा. भाडं किती, डिपॉझिट किती आणि घर किती दिवसांपासून रिकामं आहे, हे तिन्ही विचारा. तिसरा प्रश्न लोक विचारत नाहीत, आणि खरा उपयोगाचा तोच. रात्री आठ वाजता त्या इमारतीसमोर उभं राहून किती खिडक्यांत दिवे आहेत ते मोजा. खाली इस्त्रीवाला किंवा किराणावाला असेल तर त्याच्याकडं पाच मिनिटं थांबा. तो एजंटपेक्षा जास्त सांगेल.

आता पाटी-पेन्सिल घेऊन बसू. ३५ लाखांचं कर्ज, २० वर्षं, साडेआठ टक्के व्याज धरलं तर हप्ता साधारण ३० हजार ४०० रुपये होतो. भाडं १४ हजार. म्हणजे दर महिन्याला १६ हजार ४०० तुमच्या खिशातून. त्यात दीड हजार मेंटेनन्स धरा, १८ हजारांच्या घरात गेलात. भाडं दरवर्षी न चुकता पाच टक्क्यांनी वाढलं, तरी आजच्या हप्त्याइतकं व्हायला जवळजवळ १६ वर्षं लागतील. एजंटची "दोन-चार वर्षं" कुठून आली ते मला कळलं नाही. त्याला कागदावर मांडून दाखवायला सांगा.

खरेदीचा खर्च तुम्ही धरलेला दिसत नाही. कर्नाटकात ४५ लाखांच्या वर पाच टक्के मुद्रांक शुल्क, त्यावर उपकर आणि अधिभार, आणि २०२५ च्या ऑगस्टअखेरीस एकाची दोन टक्के झालेली नोंदणी फी. सगळं मिळून शहरात ७.६ टक्के होतात. ४६ लाखांवर साडेतीन लाख. ४६ मधून कर्जाचे ३५ गेले की उरतात ११ लाख, त्यात हे साडेतीन, म्हणजे साडेचौदा. वकील, एजंटची दलाली, रंगरंगोटी बाकीच आहे. तुमचे १५ लाख रजिस्ट्री झाल्या दिवशीच संपतात. कारखान्यात दोन महिने काम कमी झालं, घरात कुणी आजारी पडलं, तर हात घालायला डबा उरत नाही. आणि तुम्ही पत्रात फ्लॅटचे बेडरूम लिहिलेत, इमारतीचं वय लिहिलंत, पण स्वतःचा पगार कुठंही लिहिला नाही. हा हिशेब तिथून सुरू व्हायला हवा होता.

मिळकत किती, तेही बघू. वर्षातले ११ महिने भाडं आलं तर १ लाख ५४ हजार. त्यातून मेंटेनन्स १८ हजार, घरपट्टी आणि किरकोळ दुरुस्ती मिळून १५ हजार धरले, तर हातात १ लाख २१ हजार राहतात. घरात तुमचे आणि बँकेचे मिळून साडेएकोणपन्नास लाख अडकलेले. म्हणजे अडीच टक्क्यांहून थोडं कमी. साडेआठ टक्क्यांनी आणलेला पैसा अडीच टक्के मिळवतोय. उद्या भाव वाढेल या भरवशावरच हा व्यवहार उभा राहतो, आणि बेळगावात जुन्या फ्लॅटचा भाव प्लॉटसारखा चढत नाही, हे मी वर्षानुवर्षं बघितलं आहे. इमारत जुनी होते, आणि वर चढतो तो भाव जमिनीचा असतो.

"करात वाचेल" असंही कुणीतरी सांगेल. जुन्या करपद्धतीत भाड्याच्या घराच्या व्याजाचा तोटा वर्षाला दोन लाखांपर्यंत पगारातून वजा करता येतो. नव्या पद्धतीत तसं चालत नाही. तिथं व्याजामुळं फार तर भाड्यावर कर लागणार नाही, पगारावरचा कर आहे तेवढाच राहील. तुमच्या कारखान्यात तुमचा कर कुठल्या पद्धतीनं कापतात ते विचारून घ्या.

आता मच्छेच्या खोल्या. इथं मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण कागदावर हा व्यवहार पहिल्यापेक्षा कितीतरी गोड दिसतो. १५ लाखांवर वर्षाला १ लाख ४४ हजार, साडेनऊ टक्क्यांच्या वर. कर्ज नाही, हप्ता नाही, भाडेकरू आधीच बसलेले. तुमच्या जागी मी असते तर मलाही मोह पडला असता.

पण बाँडवर म्हणजे काय, ते नीट समजून घ्या. शेतजमीन एन.ए. म्हणजे बिगरशेती न करता, लेआउट मंजूर न करून घेता, मालक तिचे वीस बाय तीसचे तुकडे पाडतो. असा तुकडा सब-रजिस्ट्रारकडं नोंदवता येत नाही. म्हणून स्टॅम्प पेपरवर मजकूर लिहायचा, दोन साक्षीदार, नोटरीचा शिक्का, आणि रोख रक्कम. बेळगावच्या चहूबाजूंना अशा गल्ल्याच्या गल्ल्या उभ्या आहेत आणि त्यांत कष्टानं घरं बांधून राहणारी हजारो माणसं आहेत. त्यांना मी नावं ठेवत नाही, त्यांच्यापुढं दुसरा रस्ता नव्हता. तुमच्यापुढं आहे.

१८८२ चा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा सांगतो की शंभर रुपयांच्या वरची स्थावर मालमत्ता विकायची तर नोंदणीकृत खरेदीखतच लागतं. मुखत्यारपत्र आणि करार यांच्या आधारानं मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ साली पुन्हा स्पष्ट केलं. म्हणजे १५ लाख देऊन तुमच्या हाती ताबा येईल, मालकी येणार नाही. उताऱ्यावर नाव शेतकऱ्याचंच राहील. तो आहे तोवर शब्द पाळेल. त्याच्यामागं मुलं आली, मुली आल्या, की त्यांनी त्या बाँडवर सह्या केलेल्या नसतात. कर्नाटकानं वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना १९९४ पासूनच हक्क दिला, २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीनं तो देशभर झाला, आणि २००५ साली वडील हयात असण्याची अट नाही, हे २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं. बहिणींचा हक्क रास्तच आहे. पण ती जमीन तुम्ही फक्त भावाकडून बाँडवर घेतली असेल, तर १० वर्षांनी त्यांची नोटीस तुमच्या दारात येईल.

हे मी माझ्या घरात बघितलं आहे. माझ्या मोठ्या भावानं मुंबईत नोकरी करताना शहराबाहेर असाच तुकडा घेतला होता. विकणारा माणूस भला होता, दर वर्षी घरी येऊन जेवायचा. तो गेला आणि दोन वर्षांत कळलं की तोच तुकडा त्याच्या मुलानं आणखी एकाला बाँडवरच दिला आहे. कुणाचा बाँड खरा? दोघांचेही खरे आणि दोघांचेही निरुपयोगी. भावानं शेवटी निम्मे पैसे सोडून तडजोड केली. निवृत्तीनंतर राहायचं म्हणून घेतलेली जागा होती ती. त्याच्या चेहऱ्यावरचे ते दिवस मी विसरलेले नाही, म्हणून तुम्हाला इतकं आग्रहानं लिहिते आहे.

"आता बी खाता मिळतो की," असं विकणारा म्हणेल. बी खाता म्हणजे अनधिकृत मालमत्तेची कर वसुलीसाठी केलेली नोंद. त्यानं घरपट्टी भरता येते, मालकीचा प्रश्न सुटत नाही. ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात घराची किंवा प्लॉटची खरेदी नोंदवायला ई-खाता, म्हणजे खात्याची ऑनलाइन नोंद लागते. जागा पंचायतीत असेल तर ई-स्वत्तू या पंचायतीच्या ऑनलाइन नोंदवहीतला नमुना ९ आणि ११ मागा, आणि ११ मधे तो "अ" आहे की "ब" ते बघा. "ब" असेल तर तीच गोष्ट. त्या चार खोल्या तुम्ही घेऊ नयेत असं मला वाटतं. हे एकच मी ठामपणे सांगते, बाकीचं तुमच्यावर सोडते.

कन्नडचा मुद्दा तुम्ही संकोचून लिहिला आहे. संकोच नको, हा आपल्या भागातल्या घराघरांतला प्रश्न आहे. १९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होतं, त्यामुळं जुन्या वाड्यांचे कागद मोडीत आणि मराठीत सापडतात, सिटी सर्व्हेचा सीटीएस नंबर अजून चालतो. पुढचे कागद कन्नडमधे आले. आजोबा वाचू शकायचे ते नातवाला कळत नाही, आणि मग माणूस एजंट बोट ठेवील तिथं सही करतो. तशी सही करू नका. प्रत्येक कागद ओळीओळीनं मराठीत लिहून घ्या. लिहून देणारा माणूस एजंटचा नको, विकणाऱ्याचाही नको. दोन्ही भाषा येणारा वकील किंवा निवृत्त शिक्षक बेळगावात सहज मिळेल, काही हजार रुपये द्यावे लागले तरी खुशाल द्या. चार शब्द तुम्हीही ओळखायला शिका: क्रयपत्र म्हणजे खरेदीखत, ऋणभार म्हणजे बोजा, पहणी म्हणजे उतारा, बाडिगे म्हणजे भाडं. हक्क, खातं, वाटणी हे शब्द दोन्हीकडं जवळजवळ सारखेच आहेत, त्यामुळं वाटतो तितका तो कागद परका नाही. खरेदीखत इंग्रजीतही करता येतं, तुम्हाला ते बरं पडणार असेल तर तसं आधीच सांगा. आणि चतुःसीमा मात्र स्वतः जागेवर उभं राहून, पूर्व-पश्चिम बघून ताडून घ्या. कागदावर रस्ता आणि जागेवर शेजाऱ्याची भिंत, असं मी बघितलेलं आहे.

फ्लॅट घ्यायचाच ठरला तर वकिलाकडून निदान ३० वर्षांचा ऋणभार दाखला आणि सर्च रिपोर्ट घ्या. मूळ जमीनमालकापासून आजच्या विकणाऱ्यापर्यंतची साखळी, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र हे सगळं बघायला सांगा. नकाशात तीन मजले आणि उभे चार, असं असेल आणि तुमचा फ्लॅट चौथ्यावर असेल, तर तिथूनच परत फिरा. जाहीर नोटीस मराठी आणि कन्नड दोन्ही दैनिकांत द्या, हक्क सांगणारा माणूस कुठलं वाचतो ते आपल्याला माहीत नसतं. "बँकेनं कर्ज दिलं म्हणजे कागद चोख" हा समज सोडा. बँकेचा वकील बँकेचे पैसे सुरक्षित आहेत का एवढं बघतो. त्या खुर्चीवर मी बसले आहे, म्हणून सांगते. तुमचा वकील वेगळा हवा.

सीमाप्रश्नाबद्दल लिहिताना तुमचा सूर मला कळतो, या भागात तो कुणाला परका नाही. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. निकालानंतर भाव दुप्पट होतील असं सांगून कुणी घर विकत असेल तर त्या बोलण्याला पैशात धरू नका. आणि उलट भीतीही बाळगू नका. १९५६ साली राज्य बदललं तेव्हा कुणाची खासगी मालकी गेली नाही, सर्व्हे नंबर आणि खरेदीखतं तीच राहिली. घराचा निर्णय घराच्या कागदावर करा.

भाडेकरू मराठीच बघावा का, याचं उत्तर माझ्याकडून नाही असं आहे. ज्याची नोकरी पक्की, जो आधीच्या घरमालकाचा नंबर बिनदिक्कत देतो, तो भाडेकरू चांगला. शहापुरातल्या आमच्या जुन्या घराचा वरचा मजला आम्ही कित्येक वर्षं भाड्यानं दिला. सगळ्यांत जास्त काळ राहिलं ते धारवाडकडचं कन्नड बोलणारं कुटुंब. आईच्या आजारपणात रात्री दोन वाजता रिक्षा बघायला तेच गेले. माणूस बघून घर द्या. करार ११ महिन्यांचा, लेखी, दोघांना कळणाऱ्या भाषेत. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्या आणि भाडं थेट खात्यात घ्या. कुणी "भोग्याला द्या, पाच लाख एकदम देतो, भाडं नको" म्हणालं तर त्या पैशाला हात लावता येत नाही हे लक्षात ठेवा. ते मुदत संपल्यावर जसेच्या तसे परत करायचे असतात. त्यातून कर्ज फेडून बसलात तर परतीच्या दिवशी कुठून आणाल?

मामांचं काय? त्यांचं वय तुम्ही लिहिलं नाही. टाकी वाहिली, नळ फुटला, भाडेकरूचं शेजाऱ्याशी वाजलं, की फोन त्यांना जाणार. पहिलं वर्ष ते आनंदानं धावतील. तिसऱ्या वर्षी त्यांचे गुडघे दुखत असतील आणि तुम्हाला ते सांगायला संकोचतील. नात्यात फुकट घेतलेलं काम पुढं फार महाग पडतं. त्यांच्याशी आधी बोला, प्रत्येक नव्या भाडेकरूमागं अर्ध्या महिन्याचं भाडं आणि दर फेरीचा खर्च त्यांना द्यायचा असं ठरवा. ते नको नको म्हणतील, तरी मामींच्या हातात द्या. मुखत्यारपत्र द्यावंच लागलं तर भाडेकरार आणि वसुली एवढ्यापुरतंच द्या. विकण्याचे अधिकार कुणालाही देऊ नका, मामांवर कितीही विश्वास असला तरी. हे मामांच्याही भल्याचं आहे.

मग करायचं काय? माझ्या मते ४६ लाखांचा फ्लॅट तुमच्यासाठी आज मोठा आहे, आणि बाँडच्या खोल्या कधीच नकोत. पण तुमची इच्छा मोडावी असं मला वाटत नाही. पुढच्या महिन्यापासून दर पाच तारखेला १८ हजार रुपये वेगळ्या खात्यात टाका, जणू त्या फ्लॅटचा हप्ता सुरू झाला आहे. दोन वर्षं. एकही महिना चुकला नाही तर ४ लाख ३२ हजार जमतील, आणि असा भार घरात सोसतो की नाही ते मुलांच्या फीच्या महिन्यात, दिवाळीच्या महिन्यात तुम्हाला खरोखर कळेल. ओढाताण झाली तर तीही कळेल, आणि ती कर्ज नसताना कळलेली बरी.

त्या दोन वर्षांत छोटं घर शोधत राहा. एक बेडरूमचं, जुनं पण कागदानं स्वच्छ, कॉलेज किंवा हॉस्पिटलपासून चालत जाण्याच्या अंतरावर, २४-२५ लाखांच्या आत बसेल असं. त्यासाठी १२ लाखांचं कर्ज पुरलं तर हप्ता साडेदहा हजारांच्या आतबाहेर राहील. भाडं आठ हजार आलं तरी वरचा फरक तुम्ही सहज उचलाल, आणि दोन महिने घर रिकामं राहिलं तर झोप उडणार नाही. नवीन बांधकामात घ्यायचं ठरलं तर प्रकल्पाचा रेरा नंबर कर्नाटकच्या रेरा संकेतस्थळावर तपासा. आणि कुठलंही घर जुलै-ऑगस्टमधे बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. २०१९ च्या ऑगस्टात बेळगावच्या सखल भागांत घरांत पाणी शिरलं होतं. बळ्ळारी नाल्याच्या बाजूला शहापूर-वडगावकडच्या लोकांना विचारा, ते हात दाखवून सांगतील पाणी कुठवर आलं होतं. तळमजल्याच्या भिंतीवरचा ओलीचा पट्टा नव्या रंगाखाली उन्हाळ्यात दिसत नाही. उन्हाळ्यात मात्र उलटं विचारायचं: नळाला पाणी कितव्या दिवशी येतं, आणि विहीर किंवा बोअर आहे का.

छपराबद्दल लिहिते. खानापूरकडचा पाऊस तुम्हाला मी सांगायला नको. छप्पर गेलं की भिंत जाते, आणि मातीची भिंत एकदा बसली की ते घर पुन्हा उभं करणं दुरुस्तीच्या कितीतरी पट महाग पडतं. तुमच्या १५ लाखांतले दोन-तीन लाख तिथं गेले तर त्याचं भाडं येणार नाही. पण दिवाळीला मुलं तिथं उतरतील, आईवडील असतील तर त्यांच्या डोक्यावर पाणी गळणार नाही, आणि "गावाकडं आपलं काहीतरी" त्याच दिवशी होईल. ते कुणाच्या बाँडवर नाही, तुमच्याच घराण्याच्या उताऱ्यावर आहे. तिथंही भावाबहिणींची वाटणी झाली नसेल तर खर्च करण्याआधी सगळ्यांना बसवून बोलून घ्या.

गवंडी आणि सुतार पावसाच्या तोंडावर मिळत नाहीत, मार्चमधेच बोलून ठेवावे लागतात. तेव्हा येत्या मार्चात चार दिवसांची रजा काढा आणि पत्नीला सोबत आणा. दोन दिवस गावी छपराचं ठरवा, दोन दिवस बेळगावात पाट्यांवरचे नंबर फिरवा. फोन त्यांना करू द्या. घर भाड्यानं बघणारी बाई काय काय विचारते, हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. चाकणला गेली १४ वर्षं त्या भाड्याच्याच घरात संसार करत आहेत.